दुकानाचा फोन

हुबळीच्या दाजीबानपेठेत माल बोलण्यावर जातो. आमचं दुकान इरकल साड्यांचं आणि खणांचं, घाऊक. नवलगुंद, कुंदगोळ, कलघटगी, अळणावर इकडचे दुकानदार सकाळी फोन करतात, इतक्या डाळिंबी, इतक्या मोरपंखी, काठ रुंद पाहिजे म्हणतात, आणि संध्याकाळी गठ्ठा बसमध्ये चढतो. कुणी लिहून देत नाही, कुणी सही मागत नाही. मग चार दिवसांनी तोच गृहस्थ फोनवर ओरडतो, मी डाळिंबी म्हणालो होतो, तुम्ही अंजिरी पाठवलंत. तो कानडीत, आमचे हे मराठीत, आणि भांडण तापलं की हे कानडीत आणि तो मराठीत. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हे ऐकत आले.

या भांडणांना वैतागूनच आमच्या ह्यांनी तो फोन घेतला. धारवाडला लग्नाला गेले होते, येताना सुभाष रोडवर थांबून घेतला. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात कुठली वस्तू पटकन घेतली नाही, छत्री घ्यायची तरी सगळा बाजार फिरून येणार. हा फोन मात्र उभ्या उभ्या घेतला, कारण विकणाऱ्यानं सांगितलं, "अण्णा, आलेला-गेलेला प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो, समोरच्याला पत्ता लागत नाही." कंपनी चीनची आहे, हे ह्यांनी विचारलंही नाही. पुढं सरहद्दीवर मारामारी झाली, तेव्हा शेजारच्या दुकानदारानं आवाज चढवून सांगितलं की त्या कंपन्या आपलं सगळं बोलणं तिकडं उचलून नेतात. हे म्हणाले, "नेऊ देत की. डाळिंबी आणि अंजिरीतला फरक त्यांना तरी कळू दे." तो फोन म्हातारा झाला तेव्हा दुसरा घेतला तोही त्याच कंपनीचा, आणि मुद्दाम शिळ्या मॉडेलचा; जुन्यातली सगळी रेकॉर्डिंग त्याच्यात उतरवून घेतली. नव्या फोनात रेकॉर्डिंग सुरू झालं की एक बाई इंग्रजीत तसं जाहीर करते म्हणे. ती बाई ह्यांना नको होती.

हे सगळं मला मागाहून कळलं. पहिला फोन आला त्या दिवसांत हे मला दुकानातलं काहीच सांगत नसत. दुकानातलं दुकानात, घरातलं सासूबाईंना, आणि माझ्या वाट्याला त्या दोघांनी उरवलेलं. मारझोड नव्हती, दारू नव्हती, शिवीसुद्धा नव्हती. असतं तर चार लोकांना सांगता तरी आलं असतं. माझ्या नवऱ्याला मी दिसतच नव्हते, एवढंच होतं, आणि एवढंच सांगायला गेलं तर लोक विचारतात, मग अडचण काय आहे?

अडचण काय आहे हे न विचारणारी एकच बाई जगात होती, माझी अक्का. आमची आई लवकर गेली, मला अक्कानंच वाढवलं. तिला अळणावरजवळच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी दिली होती, आणि माझं लग्न तिनंच पुढं होऊन हुबळीच्या दुकानदाराकडं जमवलं, कारण तिला वाटलं मला तरी उन्हात भात लावायला लागू नये. तिच्याशी बोलायला मी दुकानाचाच फोन वापरायचे. माझा फोन सासूबाईंच्या उशाशी असायचा, त्या नातेवाइकांना लावायच्या, आणि कुणाचा कितीदा आला याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का. दुकानाच्या फोनवर मात्र दिवसभरात इतके कॉल यायचे की त्यात अक्काचा एक कुणाला दिसणार? हे दुपारी जेवायला यायचे, फोन फडताळावर ठेवायचे, जेवून आडवे व्हायचे. मी मागल्या दारी धुण्याच्या दगडावर बसून अक्काला लावायचे, बोलून झालं की यादीतून तिचा नंबर पुसायचे, आणि फोन होता तसा फडताळावर. स्वतःला फार शहाणी समजत होते मी. यादीतून नंबर पुसला की बोलणंही पुसलं जातं, अशीच माझी समजूत. दुकानात बसायला लागल्यावर रेकॉर्डिंगचं कळलं, तरी ती समजूत गेली नाही.

त्या दगडावर बसून मी काय बोलले ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी म्हणाले होते की मुलीची बारावी झाली की मी हे घर सोडणार. तुझ्याकडं येते, गावात ब्लाउज शिवते, तुझ्या सासरच्यांना जड होणार नाही. म्हणाले होते, या माणसाच्या दुकानात हजार रंग आहेत आणि मला त्यातला कुठला आवडतो हे त्यानं एकदा विचारलेलं नाही. मला रंगातलं कळतं, ह्यांच्यापेक्षा जास्त कळतं, पण दुकानाची पायरी मला फक्त पाडव्याच्या पूजेला. सगळ्यांची उष्टी काढून मी एकटी जेवते, जेवलीस काय म्हणून कुणी विचारत नाही. रात्री परत सगळ्यांना भाकऱ्या थापायच्या, माझी मनगटं भरून येतात. एकदा म्हणाले होते, उणकलच्या तळ्यावर लोक नवरा-बायको फिरायला जातात, मला इतक्या वर्षांत ते तळं बसमधून दिसलं तेवढंच. अक्का ऐकायची. मध्येच म्हणायची, "रडू नको. बोल, बोल."

मग हे बदलले.

एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "उद्यापासून दुकानात येशील काय? रंगाकडं बघायला माणूस पाहिजे." सासूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. मी गेले. त्या संक्रांतीला घरी येताना साडी आणली, आमसुली इरकल, मला आवडतो अगदी तोच गडद रंग. रात्री म्हणायला लागले, "मला भात चालेल, भाकरी नको." रविवारी संध्याकाळी उणकलला नेलं, कठड्यावर बसून दोघांनी मिरची-भजी खाल्ली, बोललो काहीच नाही, पण बसलो होतो. दुकानातून घरी यायला मला उशीर झाला की विचारायचे, "जेवलीस काय?" मुलीची बारावी झाली. मी कुठं गेले नाही. जायचं मनातच राहिलं नव्हतं. उलट मी अक्काला सांगायची, बघ, उशिरा का होईना माणसाला जाग आली, आपणहून आली. ते "आपणहून" मला फार गोड लागायचं. शेवटची ती सगळी वर्षं मी सुखाची होते, हे कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

दोन वर्षांमागं हे गेले. दुकानातच, गादीवर बसल्या बसल्या. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. तेराव्यानंतर मी दुकान उघडलं, कारण फोन वाजायचा थांबत नव्हता. लोकांना तोच नंबर पाठ. पहिल्या पहिल्यांदा माणसं म्हणायची, "अण्णा?" आणि मी "हं, बोला" म्हटलं की पलीकडं सगळं गप्प व्हायचं. ह्यांच्या फोटोला सकाळी उदबत्ती लावायची, खाली फोन ठेवायचा, आणि धंद्याला बसायचं. असं चाललं होतं.

गेल्या वर्षी आमच्या ओळीत कराचा सर्व्हे झाला. सहा-सात दुकानांत एकदमच माणसं शिरली, शटर अर्ध्यावर ओढलं, सगळ्यांचे फोन गल्ल्यासमोर ठेवायला लावले. आमच्याकडं लपवायला काही नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. साहेब होते ते कपाटं बघत बसले, आणि एक तरुण अधिकारी बाई होती तिनं आमचा फोन वायरीनं लॅपटॉपला जोडला. म्हणाली, याच्यात पुष्कळ वर्षांची रेकॉर्डिंग आहेत, कॉपी घ्यावी लागेल. मी म्हटलं, घ्या की, सगळं डाळिंबी-मोरपंखीच आहे. तिनं कानात इअरफोन घातले. ऑर्डरचा फोन मिनिटाभरात संपतो, म्हणून लांबलचक होते ते कॉल तिनं आधी उघडले.

मी तिच्यासाठी चहा सांगितला होता. चहा आला, ती प्यायली नाही. ऐकता ऐकता तिनं एकदा वर बघितलं, माझ्याकडं, आणि परत खाली. बराच वेळ ऐकलं तिनं. मग एका कानातलं काढलं आणि अगदी हळू कानडीत म्हणाली, "अम्मा, इदु मनी मातु ऐत्रि. नावु इदन्न बिडतीव्रि." हे घरातलं बोलणं आहे, हे आम्ही सोडून देतो. मला आधी उमजेना. घरातलं कसलं बोलणं? दुकानाच्या फोनावर? मग तिनं लॅपटॉप थोडा माझ्याकडं वळवला, आणि अक्काचा नंबर दिसला. एकाखाली एक, पडदा भरून. मी पुसलेले सगळे.

पोरगी चांगली होती, हे मी कबूल करते. पण चांगल्या पोरीनंही माझं रडणं ऐकलंच की. आणि "सोडून देतो" म्हणाली तरी कॉपी घेतली ती अख्खीच घेतली, त्यातून निवडून काढायला कुणाला वेळ आहे? आमच्या कागदांत काही निघालं नाही, आम्हाला परत बोलावणंही आलं नाही. ती कॉपी मात्र कुठंतरी आहे. त्यानंतर किती तरी दिवस रस्त्यात सरकारी जीप दिसली की मी गल्ली बदलायची. मी धुण्याच्या दगडावर बसलेली, पदर तोंडात धरलेला, आणि भोवती फायली घेतलेली माणसं बसून ऐकतायत, असंच डोळ्यांपुढं यायचं.

पण खरं सांगते, चीनचं मला काही पडलं नव्हतं, आणि सरकारचं भय महिन्याभरात बोथट झालं. माझा जीव तिसऱ्याच गोष्टीनं खाल्ला. ते सगळं बोलणं त्या फोनात होतं, तर ह्यांनी ते ऐकलं होतं काय? ऐकायचा तर त्यांना रोजचा सराव. कुणी भांडायला लागलं की हे गठ्ठ्यांच्या आड जाऊन जुनी रेकॉर्डिंग लावून बघायचेच. एकदा बोट चुकून माझ्यावर पडलं असेल. मग मी एकेक आठवायला लागले. दुकानात बसवलं, ते मी दगडावर बोलले होते. आमसुली रंग, तो बोलले होते. रात्रीचा भात, बोलले होते. उणकलचं तळं, जेवलीस काय, सगळं, सगळं बोलले होते. ह्या माणसानं आपणहून केलं असं मी जे जे उराशी धरलं होतं, त्यातलं एकही मी आधी फोनवर मागितलेलं नाही असं निघेना. म्हणजे जाग आली नव्हती. चोरून माझं माप घेतलं होतं आणि त्यावर बेतून संसार शिवला होता. त्यात माझ्या शेवटच्या सगळ्या वर्षांची किंमत काय राहिली?

सकाळी उदबत्ती लावायला हात उचलायचा नाही. फोटोकडं बघून मी विचारायची, "ऐकलंत काय हो? एवढं तरी सांगा." दुकानात कुणी नसलं की मोठ्यानं विचारायची. फोटोतला माणूस लग्नातल्या कोटात तसाच बसलेला. मग फोन वाजायचा आणि मी दचकायची, जणू तेच उत्तर द्यायला लागलेत. त्या फोनाला मी भ्यायला लागले होते. रात्री तो गोदामात गठ्ठ्यांखाली ठेवून घरी यायची, आणि सकाळी स्वतःच धावत जाऊन काढायची, न जाणो ऑर्डर बुडेल.

अक्काला मात्र हे सगळं सांगितलं नव्हतं. सर्व्हे झाला म्हणाले, फोन बघितला म्हणाले, तेवढंच. ती म्हणाली, "व्हय? काय काय बघितलं?" मी म्हटलं, सगळंच. "सगळंच?" तिनं परत विचारलं. मला वाटलं, माझ्या काळजीनं.

नाताळच्या सुट्टीत मुलगी बंगळुरूहून आली. ती कॉम्प्युटरातली, तिला असल्या गोष्टींचं वेड. फोन बघून तिनं कपाळाला हात लावला. "आई, याला अपडेट येणं बंद होऊन किती वर्षं झाली, ठाऊक आहे? याच्यातलं सगळं त्यांच्या क्लाउडवर जातंय. दार सताड उघडं टाकून बसलीयस तू."

"आणि तुझा कुणाचा?" मी विचारलं.

"अमेरिकेचा. पण ते लोक प्रायव्हसी पाळतात."

"कुणी सांगितलं?"

"त्यांच्या पॉलिसीत आहे."

"म्हणजे त्यांनीच सांगितलं."

"आई, प्लीज. चीनमध्ये सरकारनं मागितलं की कंपनीला द्यावंच लागतं."

"आणि इथल्या सरकारनं मागितलं तेव्हा मी काय केलं ग? चहा पाजून दिला."

ती चिडली आणि हसलीही. त्याच सुमाराला पेपरात येत होतं की सरकार प्रत्येक फोनात स्वतःचं एक ॲप घालणार, मग आलं की नाही घालणार. मुलगी म्हणाली, कुणावरच विश्वास ठेवायचा नाही, जितकं कमी ठेवता येईल तितकं फोनात ठेवायचं. तिनं माझ्यासाठी नवा फोन आणला होता. नंबर तोच चालवू, जुना फोन क्लाउडवरच्या साठ्यासकट कोरा करू, रविवारी मी जायच्या आत हे संपवू, म्हणाली. मी म्हटलं, कोरा केल्यावर तुझ्या बाबांचा आवाज? तिनं जुना फोन परत हातात घेतला. मग म्हणाली, हवे तेवढे कॉल वेगळे काढून देते, तू निवड. आणि तिनं मला दाखवलं, हे असं दाबलं की एकाच नंबराचे सगळे कॉल समोर येतात, वेळेसकट. मी तिला कोणता नंबर ते सांगितलं नाही. शनिवारी ती मैत्रिणीकडं गेली, आणि मी दुकानात गादीवर बसून अक्काचा नंबर दाबला.

ह्यांनी माझं ऐकलं होतं की नाही, हे त्या यादीवरून कळेल असं मला वाटलं होतं. मुलीनं सांगितलं होतं, न ऐकलेल्यापुढं निळा ठिपका असतो. ठिपके होते. माझ्या दुपारच्या जवळजवळ सगळ्या कॉलपुढं होते, त्या अधिकारी बाईनं उघडलेले तेवढे सोडून. ह्यांनी ऐकलं नव्हतं. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी फोटोला हात जोडले. मग परत खाली बघितलं, तर यादीत सकाळचे कॉल होते. सकाळचे, ऐन दुकानाच्या वेळचे. सकाळी तो फोन ह्यांच्या खिशात असायचा. अक्काला सकाळी मी कधीच फोन केलेला नाही.

पहिला जो होता तो मी लावला.

"हं, बोला," ह्यांचा आवाज. इतका जवळून की माझी मान वळली.

"पाव्हणं, कोण हाय काय जवळ?" अक्का. आमच्या खेड्यातल्या बायका 'करतो, येतो' असंच म्हणतात, तीही तशीच बोलते. "एक सांगतो, पर मी सांगितलं असं तिला कळू द्यायचं न्हाई. आमच्या आईची आन हाय तुम्हाला."

"बोला की, अक्का."

"पोरीची बारावी झाली की ती हिकडं यायचं म्हणतीया. कायमचं."

 मागं दुकान ऐकू येत होतं, कुणीतरी कानडीत भाव विचारत होतं, कापड फाडल्याचा आवाज आला. ह्यांचा श्वास ऐकू येत होता. अक्कानं विचारलं, "हायसा न्हवं?" हे म्हणाले, "आहे." मग म्हणाले, "काय झालं? मी काय केलं?"

"काय केलं न्हाईसा, तेच तर म्हणतीया. तुम्हाला ती दिसतच न्हाई म्हणतीया."

 मग हळू, कुणाला ऐकू जाऊ नये तसे, ह्यांनी विचारलं, "अक्का, तिला कुठला रंग आवडतो?"

"एवढी वर्सं कापड विकालाय, आणि बायकोचा रंग ठावं न्हाई तुम्हाला?"

"नाही."

"मग तिलाच विचारा की."

"आता विचारलं तर हसेल. इतकी वर्षं काय करत होतात म्हणेल." आणि लगेच, "तुम्ही सांगा."

अक्कानं सांगितलं. आमसुली. दुकानात बसवा म्हणाली, रंगातलं तिला लहानपणापासनं कळतंय. भाकरीचं सांगितलं, मनगटाचं सांगितलं. हे प्रत्येकाला "हं" म्हणत होते, ऑर्डर घेताना म्हणतात तसंच. मी फोन कानाला लावून बसले आणि माझ्या नवऱ्याला माझी ऑर्डर घेताना ऐकलं.

असे पुष्कळ होते. मी दुपारी बोलायची, आणि एक-दोन दिवसांनी सकाळी ते तिथून इकडं यायचं. उणकलचं तळं. जेवलीस काय. सासूबाईंच्या आजारात मी चिडचिडी झाले होते तेही. मी अक्काला एकटीला सांगितलेलं, तिच्या पोटात घातलेलं, तिनं चमच्या-चमच्यानं ह्यांना पाजलेलं. शेवटच्या शेवटच्या एकात ती म्हणाली, "आता काय म्हणत न्हाई बघा ती. आता सगळं बरं हाय म्हणतीया. तुम्हाला आपणहून जाग आली म्हणतीया."

"असं म्हणाली?" ह्यांनी विचारलं, आणि ते हसले. मोठ्यानं, पोरासारखे, थांबेचनात. अक्काही हसली. ते दोघं माझ्यावर हसत नव्हते, इतकं मला कळतं. माझं चांगलं झालं म्हणून हसत होते. पण मी तिथं नव्हते. माझ्या सुखाची गोष्ट तिघांची होती, आणि त्यातली मी एकटीच बाहेर राहिले होते.

मी रडले. गिऱ्हाईक आलं, त्याला हातानंच परत पाठवलं. ह्यांच्यावरचा माझा राग तिथंच संपला, हे सांगायला हवं. ज्या माणसाला बायकोला एक प्रश्न विचारायची लाज वाटत होती, त्यानं तो निदान कुणाला तरी विचारला. त्यानं काही चोरलं नव्हतं, त्याला आणून दिलं होतं. राग आला तो अक्काचा. ती वाईट वागली असं मला म्हणता येत नाही. तिनं नसतं सांगितलं तर मी आज तिच्या गावात ब्लाउज शिवत बसले असते, आणि हे इथं एकटे गेले असते. माझा संसार तिनं वाचवला. पण जगात एक जागा मला अशी वाटत होती की तिथं टाकलेलं कुठं जात नाही, आणि ती जागा कधी नव्हतीच. मी इतकी वर्षं नंबर पुसत होते तो घरच्यांना कळू नये म्हणून.

आणि मग लक्षात आलं की आता ऐकणारी मीच होते. आईची आन घालून दोघं बोलले, ते कुणी ऐकायचं नव्हतं, आणि ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. थांबावं असं एकदाही वाटलं नाही.

रविवारी मुलीनं विचारलं, "कुठले ठेवू?"

"सगळे पूस."

"बाबांचे एक-दोन तरी?"

"सगळे म्हटलं ना." माझा आवाज इतका चढला की ती बघतच राहिली. तिनं पुसले. तिकडचेही पुसले म्हणाली, त्या कंपनीनं खरंच पुसले की नाही ते मात्र कळायला मार्ग नाही म्हणाली. मी मनात म्हटलं, सरकारकडं तर आहेतच. कुठल्या तरी कचेरीत, कुणी न उघडणाऱ्या कपाटात, माझा नवरा अजून माझा रंग विचारतोय. ते त्यांच्याकडं परत मागायला मी कुठल्या तोंडानं जाऊ?

नवा फोन आला. धंदा चाललाय. अक्काला मी आधी बोलायचे तितकंच बोलते, दुपारीच. भात कापून झाला काय, माझ्या मुलीला स्थळं येतात काय, गुडघा कसा आहे. अक्का आता थकलीय, भावजी गेल्यापासून घरात एकटीच असते, माझ्या फोनाची वाट बघत बसते. मागच्या आठवड्यात मध्येच म्हणाली, "काय करालीस ग तू? हल्ली मला काय सांगत न्हाईस. नुसतं हवापाणी बोलतीस."

मी म्हटलं, "सांगण्यासारखं काही नाही ग."

"न्हाई, हाय. मला कळतंय. पोटात ठेवतीयास." मग आवाज एकदम खाली आणून तिनं विचारलं, "ते सरकार ऐकतंय म्हणून काय? फोनमुळं?"

कितीतरी बोलता आलं असतं. तोंडाशी आलं होतं.

"हो अक्का," मी म्हणाले, "फोनमुळंच. फोनचा काही भरवसा नाही."

तिनं सुटल्यासारखा श्वास टाकला. "मग हिकडंच ये की. चार दिस ऱ्हा. बांधावर बसून बोलू, लहानपणी बसत होतो तसं. हितं कोण ऐकतंय? मी एकटी तर हाय."

"येते," मी म्हणाले.

अजून गेले नाही.